समासातल्या जावा

पुतण्याने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला, पडद्यावर आपल्या वडिलांच्या हातचे एक जुने पत्र आणले आणि "बघ काकू, कसं लख्ख दिसतंय," असे म्हणून तो कौतुकाची वाट पाहत मागे रेलला. काकूने पत्र वाचले नाही. तिने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि पत्राची डावी कड वर येईल असा आडवा धरला.

"अगं, पडेल तो. काय करतेस?"

"कड कुठे गेली?"

"कसली कड?"

"कागदाची. डावीकडे चांगली दोन बोटं कड होती. ती कुठंय?"

पुतण्या हसला. एका महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून तो चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि घरातही सगळे त्याला प्राचार्यच म्हणत. अज्ञानाकडे क्षमाशील दृष्टीने पाहण्याची सवय त्याला पदाबरोबर लागली होती आणि पद गेल्यावर सुटली नव्हती. "रिकामी जागा मशीन आपोआप छाटतं, काकू. मजकूर कुठे सुरू होतो ते त्याला कळतं. शिवाय डाग, सुरकुत्या, धूळ, सगळं पुसून टाकतं. मीच सांगितलं होतं दुकानदाराला, या पत्रांचं पुस्तक छापायचंय, प्रत एकदम स्वच्छ हवी म्हणून."

"रिकामी नव्हती ती."

"होत्या थोड्या पेन्सिलीच्या रेघोट्या. पाहिल्यात मी. आम्हा पोरांचे उद्योग असणार."

"तुमच्या उद्योगांना एवढं वळण नव्हतं," काकू म्हणाली. "मूळ पानं कुठंयत?"

"दुकानातच. शनिवारी रद्दीची गाडी येते, तिच्यातून लगद्याला जातील. घरात ठेवून वाळवीला आवतण कशाला द्यायचं? आता सगळं यात आहे ना." त्याने लॅपटॉपची पाठ थोपटली.

तो दिवस बुधवार होता.

या काकूला सगळे घराणे 'धाकटी' म्हणते. चार भावांतल्या शेवटच्याची ती बायको. चोविसाव्या वर्षी घरात आली आणि धाकटी झाली. आता अठ्ठ्याहत्तरावे सरत आले आहे, चौघेही भाऊ गेले, तिन्ही मोठ्या जावा गेल्या, तिच्यानंतर आलेल्या सुनांनाही सुना आल्या, तरी ती धाकटीच राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. मूलबाळ झाले नाही. त्याबद्दल हळहळणाऱ्यांना ती पूर्वी उत्तर देत असे. हल्ली नुसती त्यांच्याकडे पाहत राहते आणि ते अधिक परिणामकारक ठरते असा तिचा अनुभव आहे.

चौतीस वर्षे तिने पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात ट्रेसर म्हणून काम केले. अभियंत्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि प्रत्येक नळ, प्रत्येक झडप, प्रत्येक अंक जसाच्या तसा उतरवायचा, हे ट्रेसरचे काम. त्यात स्वतःचे काही घालायचे नसते आणि दुसऱ्याचे काही गाळायचे नसते. सहा महिन्यांतच तिचे बारीक अक्षर विभागात दाखला म्हणून दाखवले जाऊ लागले. टणक शिशाच्या पेन्सिलीने ती इतके फिकट लिही, की शाई फिरवल्यावर खोडरबराची गरज पडू नये. ही पेन्सिल कागदावर रंग कमी सोडते आणि चरा जास्त पाडते. विभागातल्या म्हाताऱ्या हेडसाहेबांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते, "पुसलेली रेघ वाचायची असेल तर कागद डोळ्यांसमोर धरू नकोस पोरी. खिडकीशी नेऊन तिरपा धर. उजेड बाजूनं आला की चरा बोलतो."

पत्रांची हकीकत अशी. भाऊ चार गावांत पांगले तेव्हा थोरल्याने एक नियम घालून दिला. त्याने एक पान लिहून दुसऱ्याला धाडायचे, दुसऱ्याने त्याला आपले पान जोडून तिसऱ्याला, तिसऱ्याने धाकट्याला, आणि धाकट्याने चारही पाने पुन्हा थोरल्याला. जुडगा परत हाती आला की ज्याने त्याने आपले जुने पान काढून नवे घालायचे आणि फेरा पुढे चालू. काढलेली पाने वर्षाअखेर थोरल्याकडे जमा. तो ती पत्र्याच्या पेटीत ठेवी. एका फेऱ्याला दोन महिने लागत. हे सव्वीस वर्षे चालले. घरातल्या स्त्रियांचे निरोप, जागा उरल्यास, पानाच्या तळाशी लिहावेत असेही नियमात होते. जागा कधी उरली नाही. चौघाही भावांकडे जगाबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ होते.

मात्र थोरला शिस्तीचा होता. पुढेमागे भोके पाडून पाने फायलीला लावता यावीत म्हणून डावीकडे दोन बोटे समास कोरा सोडायचा, असा त्याचा दंडक होता. भोके पाडायचे यंत्र त्याने कधी आणले नाही. समास तेवढा राहिला.

लग्नानंतरच्या तिसऱ्या फेऱ्यात थोरल्याने लिहिले होते, 'मातोश्रींची प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी.' नवऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि कागद टेबलावर टाकून तो आंघोळीला गेला. धाकटीने तो हातात घेतला आणि कामावरच्या सवयीने चारही बाजूंनी फिरवून पाहिला. नकाशावरचे शब्द कधी उभे असतात, कधी आडवे, त्यामुळे कागद फिरवल्याशिवाय वाचून झाला असे ट्रेसरला वाटतच नाही. समासात खालून वर जाणारी पेन्सिलीची एक ओळ होती. 'उत्तम नाही. अकरा दिवस अंथरुणावर आहेत. हे डॉक्टर आणत नाहीत. कोणी वाचत असल्यास कळवावे.' अक्षर थोरल्या जाऊबाईचे होते. पेटीत पुढे सापडलेल्या आधीच्या पानांवरून दिसते, की ती त्याआधीचे चार फेरेही समासात असेच लिहीत होती आणि कोणी वाचत नव्हते.

धाकटीने आपली टणक पेन्सिल काढून नवऱ्याच्या पानाच्या समासात लिहिले, 'मी वाचते. रविवारी डॉक्टरांना घेऊनच येते.' आणि ती आली. दिरांनी तिला "अचानक कशा काय?" असे विचारले तेव्हा तिने "सहज," असे सांगितले. सोबतच्या डॉक्टरांना सहज म्हणणे जरा जड गेले, पण सासूबाई पुढे नऊ वर्षे जगल्या.

पुढच्या दोन फेऱ्यांत दुसरी आणि तिसरी जाऊही समासात उतरल्या. समोरच्या पानात भाऊ जगाचा कारभार हाकत असत आणि कडेला चौघी जणी त्या कारभाराची शहानिशा करत. 'धंदा जोरात आहे' या ओळीशेजारी 'दुकान गुरुवारपासून बंद आहे.' 'मुलगी हुशार निघाली' याशेजारी 'मग तिला शाळेतून का काढताय ते विचारा.' तिसरी सायकल शिकत होती. पडझडीचा अहवाल ती फेऱ्याफेऱ्याने देई. दुसरीचे सहाव्या महिन्यात मूल गेले, ते समासातल्या तीन शब्दांखेरीज कुठेही लिहिले गेले नाही. पुरुषांनी कागद फिरवला नाही. दुसऱ्या दिरांनी एकदाच विचारले होते, 'धाकट्याच्या पानाच्या कडेस त्रिकोण कसले दिसतात?' त्यावर धाकट्याने, म्हणजे हिच्या नवऱ्याने, पुढच्या फेऱ्यात लिहिले, 'कार्यालयातील जुना कागद असावा.' हे लिहिताना त्याने बायकोकडे पाहिले नाही आणि नंतर कधी विषयही काढला नाही. एवढा एक पुरुष मात्र वाचत असावा, असा तिला आयुष्यभर संशय राहिला. त्या संशयावर तिचा संसार सुखाचा झाला.

ते त्रिकोण भूमितीचे होते. थोरली चौथीतून शाळा सुटलेली. तिने मनाशी धरले होते की बाहेरून बसून शालान्त परीक्षा द्यायची. बाकीचे विषय तिने घरातल्या पुस्तकांवर रेटले, भूमिती काही केल्या डोक्यात शिरेना. मग धाकटी दर फेऱ्याला समासात एक प्रमेय काढून पाठवू लागली. दोन वर्षांत अकरा प्रमेये झाली. परीक्षेच्या सुमारास थोरल्याच्या पानावर मजकूर आहे, 'मंडळी आठ दिवस बहिणीकडे गेल्याने जेवणाचे अतोनात हाल झाले.' मंडळी परीक्षेला बसली होती. निकालाचे कार्ड धाकटीच्या कचेरीच्या पत्त्यावर आले. तिने समासात लिहिले, 'झालात. गणितात त्रेसष्ट. कार्डाचं काय करू?' उत्तर आले, 'फाडून टाक. मुलाला कळू देऊ नकोस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, बापाला सांगेल.'

तो मुलगा म्हणजे आजचा प्राचार्य. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. प्रमाणपत्र आणायला मंडळाच्या कचेरीत स्वतः जावे लागे. थोरली कधी गेली नाही. ती शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली होती याचा या पृथ्वीतलावर एकच पुरावा उरला होता, आणि तो रद्दीच्या गाडीची वाट पाहत होता.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच धाकटी पायरीवर बसलेली होती. अरुंद दुकान, पुढे झेरॉक्सचे यंत्र, मध्ये ओळखपत्रांचे फोटो काढायचे स्टूल आणि पांढरा पडदा, मागे स्कॅनर, आणि पश्चिमेकडे गंजलेल्या गजांची एक उंच खिडकी. दाराशी रद्दीची पोती आणि त्यांच्याखाली तिची ओळखीची पत्र्याची पेटी.

दुकानदार चाळिशीचा, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारा. "या आजी. काय काढायचंय?"

"आजी म्हणू नका, मी कुणाची आजी नाही. ती पेटी काढायचीय, पोत्यांखालची."

"ती साहेबांची ऑर्डर आहे. काम झालंय. ती आता जाणार."

"साहेब माझा पुतण्या. आणि काम झालेलं नाही. तुम्ही कडा कापल्यात."

"आम्ही नाही बाई, मशीननं. आपोआप असतं ते."

"आपोआप काही नसतं," धाकटी म्हणाली. "कुणीतरी बटण दाबतं आणि मग मशीनचं नाव सांगतं. आमच्या कचेरीतही असंच चालायचं, फक्त तिथे शिपायाचं नाव सांगायचे."

दुकानदाराला हे आवडले असावे; त्याने पोती बाजूला केली. पेटीतले वरचेच पान त्याने घेतले, स्कॅनरची कड छाटायची सोय बंद केली, डाग पुसायची सोय बंद केली आणि काचेवर कागद ठेवला. पडद्यावर समास आला. त्यात राखाडी धुरकटपणाखेरीज काही नव्हते.

"बघा. यात काही नाहीच."

धाकटी पडद्याकडे पाहत राहिली. दिरांच्या नजरेला पडू नये म्हणून तिने मुद्दाम फिकट लिहिले होते आणि बाकीच्या तिघींनाही तीच पेन्सिल टपालाने पाठवून दिली होती; थोरलीच्या त्याआधीच्या ओळी हाताळून पुसट झाल्या होत्या. सव्वीस वर्षे ज्या फिकेपणाने राखले, त्यानेच आज घात केला होता. स्कॅनर कागदावर समोरून उजेड टाकत होता, अगदी दिरांसारखा, सरळ वाचून पुढे जात होता. तिला हेडसाहेब आठवले.

"तुमच्याकडे फोटोचा कॅमेरा आहे ना? आणि ते तिकाटणं?"

"आहे."

"या खिडकीतून ऊन कधी येतं?"

"चारच्या पुढे. तासभर अगदी डोळ्यांत जातं. का?"

"डोळ्यांत जाऊ दे. चारला येते. तोवर पेटीला हात लावू नका."

चार वाजता त्यांनी टेबल खिडकीशी ओढले. कागद सपाट ठेवला, कॅमेरा वरून खाली तोंड करून बसवला आणि ऊन कागदाला जेमतेम घासून जाईल अशा बेताने धाकटीने खिडकीची एक झडप लोटून घेतली. दुकानदाराने कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन पुन्हा पाहिले. समासात, नांगरलेल्या शेतात तास दिसावेत तशा, अक्षरांच्या ओळी उभ्या राहिल्या होत्या.

"आयला," तो हळूच म्हणाला. मग पानाला मान वाकडी करून त्याने वाचले, "'डॉक्टर आणत नाहीत.' कोण आणत नाही?"

"जो समोरच्या मजकुरात प्रकृती उत्तम म्हणतोय तो."

दुकानदाराने कॅमेऱ्याचे बटण दाबले. त्याच्याही घरी आई होती आणि प्रकृतीबद्दलचे फोन तोच घेत असे. "ऊन असेपर्यंत तीसेक पानं होतील," तो म्हणाला. "एकूण किती आहेत?"

"सहाशे बारा. कडेला लिहिलेली तीनशे सदतीस."

"मोजलीत कधी?"

"लिहिताना," धाकटी म्हणाली.

शनिवारी सकाळी रद्दीची गाडी आली. हमालाने एकेक पोते खांद्यावर टाकले आणि शेवटी तो आत वळला. पेटीवर एक म्हातारी, मांडीवर पिशवी घेऊन, ताठ बसलेली होती.

"ती पेटी पण यादीत आहे," हमाल म्हणाला.

"ही खुर्ची आहे," धाकटी म्हणाली.

हमालाने दुकानदाराकडे पाहिले. दुकानदाराने झेरॉक्सच्या यंत्रात डोके खुपसून सांगितले, "ट्रेसरबाई बसल्यात, दिसत नाही का? खुर्चीच ती." गाडी निघून गेली. धाकटी मात्र दुपारपर्यंत तिथून हलली नाही. गाडी वळून येते असे तिने ऐकले होते.

पण दुकानदारालाही पोट होते, आणि ऑर्डर साहेबांची होती. त्याने फोन करून प्राचार्यांना कळवले, ते चारला हजर झाले. तोपर्यंत ऊन टेबलावर आले होते आणि जे पान त्या दिवशी क्रमाने आले ते नेमके परीक्षेच्या वर्षातले होते. धाकटीने ते मुद्दाम काढले नव्हते; क्रम मोडणे तिच्या धंद्यात बसत नाही. पण पुतण्याला पाहताच तिने ते झाकलेही नाही.

प्राचार्य रागावून आले होते. "काकू, हा काय पोरखेळ? पुस्तक छापखान्यात जायचंय, पुढच्या महिन्यात सगळं कुटुंब जमणार, आणि तू इथे..." एवढे बोलताना त्यांची नजर पडद्यावर गेली. आईचे अक्षर त्यांना ओळखता आले, याला कारण असे, की किराणा सामानाच्या यादीखेरीज तिच्या हातचे काही त्यांनी कधी पाहिले नव्हते आणि त्या याद्या मात्र खूप पाहिल्या होत्या.

त्यांनी ओळ वाचली. मग अलीकडची वाचली. मग अकरा प्रमेये मागे जाऊन एकेक पाहिली. 'माझी आई चौथी शिकलेली, पण तिने मला घडवले' हे वाक्य त्यांच्या निरोपाच्या भाषणात होते, त्याआधीच्या सतरा भाषणांत होते, आणि येऊ घातलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत पहिल्याच ओळीत होते.

"त्रेसष्ट?" त्यांनी विचारले.

"गणितात. मला ट्रेसरच्या परीक्षेत एकसष्टच पडले होते. शिकवणारीपेक्षा शिकणारी वरचढ निघाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं तेही तिनं लिहिलंय. खालची ओळ."

प्राचार्यांनी खालची ओळ वाचली होती. दुकानदार खिडकीची झडप पुसत होता. ती आधीच पुसलेली होती.

मग ते बोलले तेव्हा आवाजात पुन्हा महाविद्यालय आले होते. "ठीक आहे. हे महत्त्वाचं आहे, मी मान्य करतो. आईचं तेवढं आपण घेऊ. पुस्तकात स्वतंत्र पान देऊ, सुरेख चौकट घालू. 'झालात, गणितात त्रेसष्ट', एवढं पुरे. ती तिळाची ओळ गाळू."

"आणि बाकीच्या?"

"काकू, बाकीचं घरगुती आहे. कुणाचं दुकान बंद, कुणाचं मूल गेलं, कोण सायकलवरून पडलं. ती माणसं गेली, आता त्यांच्या मुलांनी हे वाचायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ आमची होती," धाकटी म्हणाली. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "उघडायची की झाकायची ते आम्ही ठरवू. 'झालात' हे तुझ्या आईनं लिहिलेलं नाही, मी लिहिलंय. तिचं वाक्य तिळाचंच आहे. तू माझं वाक्य तिच्या नावावर लावणार आणि तिचं पुसणार. आणि समज, नुसती तिचीच वाक्यं घेतलीस; प्रश्न माझा, त्रिकोण माझा, फीचा अर्ज भरला दुसरीनं, आठ दिवस ठेवून घेतलं तिसरीनं. आमच्या तिघींना कापलंस तर तुझी आई पानावर एकटीच बडबडत बसलेली दिसेल. वेडी वाटेल ती. त्यापेक्षा चौथी शिकलेली बरी."

"पण ग्रंथाचा मुख्य मजकूर वडीलधाऱ्यांचा आहे. समास म्हणजे काही मजकूर नव्हे."

"मी चौतीस वर्षं नकाशे काढले. उत्तर दिशा कुठली, एका इंचाला किती फूट, कुठली रेघ नळाची आणि कुठली गटाराची, हे सगळं चौकटीबाहेर लिहिलेलं असतं. ते कापून नकाशा कुणी खाली पाठवला तर गाव पिण्याच्या पाण्यासाठी गटार खणतं. तुझ्या पुस्तकात ते झालेलं आहे. मातोश्रींची प्रकृती उत्तम, धंदा जोरात, मंडळी बहिणीकडे."

"काकू, मी संपादक आहे."

"हो. आणि मी त्या पत्रांत आहे."

प्राचार्यांनी दुकानदाराकडे वळून पाहिले, कारण कोणातरी पुरुषाकडे वळून पाहण्याची ती वेळ होती. दुकानदार म्हणाला, "साहेब, उन्हाची दहाच मिनिटं राहिलीत. जरा सरकता का, तुमची सावली पडतेय पानावर."

प्राचार्य सरकले. मग निघूनच गेले. जाताना दारातून एवढेच बोलले, "पुस्तक आहे तसंच जाईल."

"जाऊ दे," धाकटी म्हणाली. "जागा उरल्यास आमचा नमस्कार घाल तळाला."

पुढचे काम बारा दिवस चालले. दोन दिवस ढगांत गेले. त्या दिवसांत दोघे नुसती बसून राहिली आणि दुकानदाराने तिला फायलींना नावे कशी द्यायची ते शिकवले. प्राचार्यांच्या फायलींना लिहिणाऱ्या भावाचे नाव आणि तारीख होती. धाकटीने वेगळी पद्धत लावली: त्या पानाच्या समासात कोण कोण बोलले आहे ते क्रमाने. 'थोरली-धाकटी'. 'तिसरी-दुसरी-थोरली'. दुसरीचे मूल गेले त्या वेळच्या पानावर तिचे तीन शब्द होते आणि खाली तिघींचे एकेक. तिथे चारही नावे आली. त्या फाईलचे नाव लिहून झाल्यावर धाकटी पाणी प्यायला बाहेर गेली आणि जरा उशिराने आली. दुकानदाराने तोवर पुढचे पान लावले नव्हते.

तेराव्या दिवशी पेटी तिच्या घरी तिसऱ्या मजल्यावर पोचली. दुकानदाराने ती स्वतः खांद्यावर आणली आणि वर येऊन, धापा टाकत, सगळी चित्रे तिच्या फोनमध्ये उतरवून दिली. मग त्याने एक शंका काढली.

"ट्रेसरबाई, एक चूक राहिलीय. तुम्ही सगळी पानं आडवी फिरवून ठेवायला सांगितलीत. कडेचं अक्षर वाचता येतं, पण बाकीचं अख्खं पत्र आडवं झोपलंय. वाचणाऱ्याची मान मोडेल."

"आमची नाही मोडली," धाकटी म्हणाली. "सव्वीस वर्षं."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, तिच्याकडे पाहिले आणि तो जिना उतरून गेला. खालच्या मजल्यापर्यंत त्याच्या हसण्याचा आवाज येत होता.

कुटुंबाचा फोनवर एक गट आहे. त्यात त्रेचाळीस माणसे आहेत. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सकाळचे सुविचार येतात. धाकटीने तिथे आजवर काही लिहिले नव्हते. तिने चष्मा पुसला आणि आपण पहिल्यांदा वाचलेले पान पाठवले: 'उत्तम नाही. अकरा दिवस अंथरुणावर आहेत. हे डॉक्टर आणत नाहीत. कोणी वाचत असल्यास कळवावे.' सोबत एक ओळही लिहिली नाही. मग दुसरे, मग तिसरे. फेऱ्याच्या क्रमाने, घाई न करता.

पाचव्या पानानंतर तिसरीच्या नातीचा संदेश आला. 'ही आमची आजी आहे? आजी सायकल चालवायची?' कोणीतरी लिहिले, 'दुकान कुठल्या साली बंद होतं? बाबा तर म्हणायचे...' आणि पुढे काही लिहिले नाही. दुसरीची मुलगी, जी स्वतः आता साठीची आहे, तिने विचारले, 'काकू, अजून किती आहेत?' धाकटीने आकडा कळवला. काही जणांनी गट सोडला. त्रेचाळिसांचे चाळीस झाले. तिने ते पाहिले आणि पुढचे पान पाठवले.

संध्याकाळी प्राचार्यांचा संदेश आला. परीक्षेचे पान अजून पुष्कळ लांब होते. ते त्यांना ठाऊक होते आणि त्या पानाखालची ओळही ठाऊक होती. तरी त्याबद्दल त्यांनी काही लिहिले नाही. 'काकू,' त्यांनी लिहिले होते, 'सगळी पानं आडवी आली आहेत. कृपया सरळ करून पाठव.'

धाकटीने ते दोनदा वाचले. मग टणक पेन्सिलीची सवय असलेल्या बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने उत्तर लिहिले, 'सरळच आहेत,' आणि पुढचे पान पाठवले.